अरिकमेडूचं खापर कोणाच्या माथी?

१९४४ च्या जुलै महिन्यात मॉर्टिमर व्हीलर मद्रासच्या सरकारी संग्रहालयातल्या एका कपाटात हात घालून चाचपडत होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून त्यांना भारतात येऊन काहीच महिने झाले होते. हाताला एका मोठ्या कुंभाची मान लागली आणि तिला चिकटलेला लांबट कान. आपला कुंभार घागरीला असा कान लावत नाही. व्हीलरांची अर्धी हयात ब्रिटनमधली रोमन ठाणी खणण्यात गेलेली. हा भूमध्य समुद्राकडचा मद्यकुंभ, म्हणजे अँफोरा, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की तुकडा पाँडिचेरीजवळच्या अरिकमेडू नावाच्या टेकाडावरून आलाय. व्हीलर लगोलग पाँडिचेरीला गेले. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात त्याच जागेची आणखी काही खापरं मांडून ठेवली होती. त्यांत लालभडक, चकाकत्या बश्यांचे तुकडे होते. इटलीतल्या आरेत्सो गावचे.

ही गोष्ट नेहमी इथेच थांबवली जाते. खजिना सापडला, इंग्रज साहेबानं ओळखला, टाळ्या. पण प्रकरण म्हणून खरी मजा पुढच्या पन्नास वर्षांत आहे. त्या काळात नवं फारसं काही सापडलं नाही तरी त्याच खापरांचे अर्थ एकेक करून बदलत गेले.

आधी त्या बश्यांचं मोल कशात होतं ते सांगायला हवं. १९४४ साली दक्षिण भारताच्या प्राचीन इतिहासाला घड्याळ नव्हतं. कार्बन कालमापन अजून जन्मायचं होतं. महापाषाणीय, म्हणजे मोठमोठे दगड रचून केलेली, दफनं हजारोंनी माहीत होती, पण ती तीनशे वर्षं जुनी की तीन हजार, हे ठामपणे सांगता येत नव्हतं. तमिळ प्रदेशात रोमन नाण्यांचे हंडे सापडत होते. त्यांवर ऑगस्टस, टायबेरियस अशी सम्राटांची नावं असल्यानं पाडल्याचा काळ वाचता येई. पण नाणं हा फसवा साक्षीदार. सोन्याचांदीचं नाणं माणूस पिढ्यान्‌पिढ्या पुरून ठेवतो, आणि हंडा शेतात नांगराला लागतो तेव्हा तो कुठल्या थरात होता हे विचारायला कोणी नसतं. बशीचं तसं नाही. ती फुटते, उकिरड्यावर जाते, आणि फुटकी बशी कोणी वारसाहक्कानं मुलाला देत नाही. म्हणून खापर हे नाण्यापेक्षा प्रामाणिक घड्याळ.

त्यातही आरेत्सोची बशी म्हणजे सेकंदकाटा असलेलं. टस्कनीतल्या या गावी इसवीसनापूर्वी ४० च्या सुमारास लाल चकाकीची भांडी घडू लागली. अतिशय बारीक गाळलेल्या मातीचा पातळ लेप आणि भरपूर हवा खेळती ठेवून केलेली भाजणी, त्यातून ती चकाकी येते. ऑगस्टस आणि टायबेरियसच्या काळात हा माल साम्राज्यभर गेला, मग गॉलमधल्या म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या भट्ट्यांनी बाजार खाल्ला आणि इसवीच्या पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत आरेत्सोचं वैभव ओसरलं. शिवाय कारखानदार बशीच्या आत, मध्यभागी स्वतःच्या नावाचा शिक्का मारत. (पिसासारख्या इतर गावीही हाच माल बनत होता हे पुढे कळलं, त्यामुळे आता जाणकार सरसकट ‘आरेत्सोची’ म्हणणं टाळतात. मी सवयीनं म्हणणार आहे.)

अरिकमेडू काही व्हीलरांना पहिल्यांदा दिसलं नव्हतं. ल जांती नावाचा एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, पाहायला पाँडिचेरीला निघाला होता. १७६१ सालचं अधिक्रमण आलं तेव्हा गाव इंग्रजांच्या ताब्यात गेलेलं आणि हा भर समुद्रात, हलत्या जहाजावर. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षं पूर्वेतच राहिला, आणि १७६९ साली नेमक्या त्या सकाळी पाँडिचेरीवर ढग. या दुर्दैवी माणसानं शुक्राची वाट पाहता पाहता जवळच्या वीरमपट्टणमच्या नदीकाठी दिसणाऱ्या जुन्या विटांच्या अवशेषांची नोंद मात्र करून ठेवली. ती पावणेदोनशे वर्षं पडून राहिली. १९३७ च्या सुमारास झुवो-दुब्रय हे फ्रेंच अभ्यासक गावातल्या पोरांनी वेचलेले मणी विकत घेऊ लागले. त्यांत त्यांना एक कोरीव खडा मिळाला. त्यावरचा चेहरा ऑगस्टसचा, असं त्यांचं म्हणणं. मग १९४० नंतरच्या काही वर्षांत स्थानिक फ्रेंच हौशींनी तिथे खणलंही. म्हणजे शोध लागला होता. कोणी थर वाचले नव्हते, एवढंच.

व्हीलरांनी ते १९४५ च्या उन्हाळ्यात केलं. इंग्रज सरकारचा अधिकारी, जमीन फ्रेंचांची, आणि महायुद्धाची अखेर. टेकाड अरियनकुप्पम नदीच्या काठावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खालचे थर पाण्याच्या पातळीखाली गेलेले, त्यामुळे पंप लावून पाणी उपसत खोदायचं. उत्तरेकडे एका लांबलचक विटांच्या इमारतीचा पाया लागला. व्हीलरांनी तिला गोदाम म्हटलं. दक्षिणेकडे भिंतींनी वेढलेली अंगणं आणि विटांची टाकी मिळाली. ती मलमल रंगवायची असावीत, असा त्यांचा तर्क. आरेत्सोच्या तुकड्यांवर तीन शिक्के वाचता आले: विबी, कामुरी आणि इट्टा. सगळ्या लाल बश्यांचे तुकडे एका टोपलीत मावतील इतकेच होते. पण ते नेमक्या थरांत मिळाले होते, आणि त्यांच्या शेजारी त्याच थरांत शेकडो स्थानिक खापरं होती. घड्याळ मिळालं होतं.

अहवाल वर्षभरात, १९४६ च्या जुलैत ‘एन्शंट इंडिया’च्या दुसऱ्या अंकात छापून आला. आजही वर्षानुवर्षं अहवाल न निघणारी उत्खननं आपण पाहतो, म्हणून हा वेग मुद्दाम सांगितला. थरांचे उभे छेद, खापरांची क्रमांकवार रेखाटनं, सगळं त्यात होतं. शीर्षकातच निकाल होता: भारताच्या पूर्व किनाऱ्यावरचं इंडो-रोमन व्यापारी ठाणं. वस्ती इसवीसनाच्या सुरुवातीच्या आसपास उभी राहिली आणि सुमारे दोन शतकं नांदली, असा त्यांचा हिशेब. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-वाटाड्यात पूर्व किनाऱ्यावरच्या पोदुके नावाच्या बंदराचा उल्लेख आहे. ते हेच, असंही ठरलं, आणि ते आजही बहुतेकांना मान्य आहे.

आता या प्रकरणातलं मुख्य पात्र. आरेत्सोच्या मूठभर तुकड्यांबरोबर आणि त्यांच्या खालच्या थरांतही एका वेगळ्याच भांड्याची खापरं मिळत होती. पसरट, सपाट बुडाची परात, कड आतल्या बाजूला वळलेली. माती इतकी बारीक, की तुकडा टिचकी मारल्यावर खणकन वाजतो. आतून काळी-राखाडी चकाकी. आणि तळाच्या आतल्या बाजूला गोलाकार पट्ट्यांत बारीक त्रिकोणांची, ठिपक्यांची रांगोळी. करंजीची कड कातरायचं कातण ओल्या मातीवरून फिरवलं तर उमटेल तशी. असं नक्षीचाक फिरवायची तऱ्हा भूमध्य जगात रुळलेली, भारतात तोवर माहीत नसलेली. म्हणून व्हीलरांनी तिचं नाव ठेवलं रुलेटेड वेअर आणि कल्पना पश्चिमेची ठरवली: काही परात्या थेट आयात, काही इथे केलेल्या नकला.

खापर रोमनांच्या माथी फुटलं ते असं.

हे वाक्य मी व्हीलरांची चूक दाखवायला लिहीत नाही. त्यांच्या जागी बसून पाहा. समोर दोन परदेशी वस्तू निःसंशय आहेत, आरेत्सोच्या बश्या आणि अँफोरा. त्याच थरात तिसरी वस्तू मिळते, जिचं तंत्र इथलं वाटत नाही. तीही त्याच जहाजातून आली असं वाटणं साहजिक होतं. चूक पुढच्या पायरीवर झाली. रुलेटेड परात्या रोमन वळणाच्या, म्हणून त्या रोमन व्यापारानंतरच्या. मग त्या जिथे सापडतील तो थर इसवीच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे. व्हीलरांनी १९४७ साली कर्नाटकात ब्रह्मगिरी आणि चंद्रवल्ली खणली तेव्हा हेच घड्याळ बरोबर नेलं. वरच्या थरात रुलेटेड खापर, म्हणजे तो थर पहिल्या शतकाचा, म्हणजे त्याच्या लगेच खालचं महापाषाण युग त्याच्या थोडंसंच आधीचं. दक्षिणेतल्या दफनांचा अख्खा काळ अशा रीतीनं पाँडिचेरीच्या एका टोपलीभर बश्यांना टांगला गेला. पुढे कार्बन कालमापन आलं तेव्हा ही दफनं कित्येक शतकांनी मागे सरकली.

साखळीची पहिली कडी मात्र तपासायला १९८३ साल उजाडावं लागलं. पुरातत्त्वज्ञ विमला बेगली यांनी नवा खड्डा न खणता व्हीलरांचाच अहवाल पुन्हा वाचला. व्हीलरांनी थर इतके नीट काढून ठेवले होते, की त्यांच्या विरोधातला पुरावा त्यांच्याच चित्रांत होता. आरेत्सोच्या बश्या ज्या थरात सुरू होतात त्याच्या खाली वस्तीचे थर आहेत आणि त्यांत रुलेटेड परात्या आहेत. लाल बशी फक्त एवढंच सांगते, की मी ज्या थरात आहे तो माझ्या जन्माआधीचा नाही. माझ्या पायाखालचा थर दहा वर्षं जुना की दोनशे, याबद्दल ती गप्प असते. व्हीलरांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘फार जुना नसणार’ असा घेतला होता. बेगलींनी रुलेटेड परात्यांची सुरुवात इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाकडे नेली, म्हणजे आरेत्सोच्या भट्ट्या पेटायच्याही आधी. मग १९८९ ते १९९२ या काळात पेनसिल्व्हेनिया आणि मद्रास विद्यापीठांनी मिळून अरिकमेडू पुन्हा खणलं. वस्ती रोमन व्यापाराच्या आधीपासून होती आणि नंतरही बराच काळ चालू राहिली, हे त्यातून स्पष्ट झालं.

नक्षीचाकाचंही तसंच. कातणासारखं चाक मुळात वापरलंच होतं का, अशी शंका आली. भांडं अर्धवट वाळलेलं असताना चाकावर फिरवत ठेवलं आणि लवचीक पात्याचं टोक टेकवलं, तर पातं थरथरत टकटक उड्या मारतं आणि तशाच ठिपक्यांच्या रांगा उमटतात. त्यासाठी इटलीतून काही शिकून यायची गरज नाही.

मग माती कुठली? हा प्रश्न पुण्यात सुटत गेला. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगट्यांनी भारतातल्या आणि बाहेरच्या अनेक स्थळांवरच्या रुलेटेड खापरांची क्ष-किरण विवर्तनानं तपासणी केली. मातीतली खनिजं कुठली आणि किती प्रमाणात आहेत, याचा ठसा त्यातून मिळतो. १९९७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: दूरदूरच्या स्थळांवरची ही खापरं मातीनं एकाच घरची आहेत, आणि ते घर बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-तामलुक परिसरात, गंगेच्या मुखाशी आहे. भू-रासायनिक पद्धतीनं झालेल्या नंतरच्या तपासणीनंही त्यांचा उगम एकच असल्याला दुजोरा दिला. म्हणजे पाँडिचेरीच्या टेकाडावर ज्या भांड्याला पन्नास वर्षं रोमची सावली म्हटलं जात होतं, ते बंगालच्या उपसागरातून किनाऱ्याकिनाऱ्यानं उतरलेलं होतं.

अँफोरांची गोष्ट थोडी निराळी. ते परदेशीच होते, फक्त एका देशाचे आणि एका काळाचे नव्हते. अँफोरांच्या अभ्यासक एलिझाबेथ लाइडिंग विल यांनी तुकडे हातात घेऊन माती, कानांचा आकार, कडा यांवरून घरं शोधली. जुळ्या नळीसारखा दुहेरी कान हा कॉस या ग्रीक बेटाच्या घाटाचा, पुढे इटलीत त्याची नक्कल झाली. मातीत काळी चमकदार वाळू दिसली तर ती व्हेसुव्हियसच्या ज्वालामुखीची, म्हणजे कुंभ इटलीतल्या कँपानियाचा. वाइन तर होतीच, पण काही कुंभ ऑलिव्ह तेलाचे, काही माशांच्या आंबवलेल्या रश्श्याचे, थेट स्पेनहून आलेले. त्या रश्श्याची गिऱ्हाइकं कोण असतील याचा विचार केला की गंमत वाटते. सुकट-बोंबलाच्या किनाऱ्यावर कोणी स्पेनचं माशाचं पाणी पैसे मोजून घेईल? ते बहुधा खलाशांच्या स्वतःच्या जेवणासाठी असावं. वाइनचं मात्र गिऱ्हाईक इथेच होतं. यवनांनी, म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांनी, आणलेल्या थंड, सुवासिक मद्याचं कौतुक प्राचीन तमिळ संगम काव्यात आहे. विल यांच्या मते यातले काही कुंभ इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे, ग्रीक. घड्याळ इथूनही मागे सरकलं.

अँफोरांचा हाच धडा महाराष्ट्राला जरा उशिरा मिळाला. १९४५-४६ साली, व्हीलर अरिकमेडूचा अहवाल लिहीत असताना, ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचं टेकाड खणत होते. तिथल्या काशाच्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. तेव्हापासून सातवाहन काळाच्या थरात रोम शोधायची दृष्टी आपल्याकडेही रुजली. नेवासे, घारापुरी आणि पश्चिम भारतातल्या कितीतरी ठिकाणी जाड, आतून काळं अस्तर असलेली खापरं मिळाली की ‘रोमन अँफोरा’ अशी नोंद होऊ लागली. खापरांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी हे जुने तुकडे पुन्हा पाहिले आणि २००७ साली लिहिलं, की यातले बरेच अँफोरा नाहीतच. हे आहेत ‘टॉर्पेडो’ रांजण: लांबट, टोकदार बुडाचे, मुळात कानच नसलेले, इराक आणि नैर्ऋत्य इराणच्या बाजूचे. रोमन कुंभाला आतून पाइनची राळ लावत, यांना डांबराचं अस्तर असे. दोन्ही काळपट. कान आणि बूड हरवलेला तळहाताएवढा तुकडा पोतडीत आला, की फसायला एवढं पुरतं. पण फरक साधा नाही. टॉर्पेडो रांजण मुख्यतः इराणच्या ससानी राजवटीच्या आणि आरंभीच्या इस्लामी काळातले, म्हणजे सातवाहनांच्या नंतरचे. व्यापारी बदलला, समुद्र बदलला आणि शतकंही बदलली. नेवासे आणि घारापुरीला खरे भूमध्य अँफोराही आहेत, ते नाकारायचं कारण नाही. पण ‘काळं अस्तर, म्हणजे रोम’ हे समीकरण मोडलं. एखाद्या जुन्या अहवालात नुसतं ‘अँफोरा’ एवढंच दिसलं तर मी तरी ते आता पेन्सिलीनं वाचतो.

अरिकमेडूला रोमन लोक राहत होते का, हा प्रश्न लोक हटकून विचारतात. बशी आणि मद्यकुंभ हे विकायचे किंवा भेट द्यायचे जिन्नस आहेत, मालक न हलता ते हलतात. मालकाबरोबर जाते ती भाकरीची परात, भाताचं मडकं. अरिकमेडूची स्वयंपाकाची खापरं बहुतांशी स्थानिक आहेत. तिथल्या भांड्यांवर तमिळ ब्राह्मी लिपीत कोरलेली नावं मिळाली आहेत, आणि काचेच्या ज्या बारीक मण्यांचा माल पूर्वेकडे दूरवर गेला त्यांचं उत्पादन तिथे होत होतं. उलट तांबड्या समुद्रावर, इजिप्तच्या बेरेनिके आणि कुसैर अल-कदीम इथे भारतीय स्वयंपाकाची मडकी सापडली आहेत, खापरांवर चातन, कणन अशी तमिळ नावं आहेत. बेरेनिकेच्या देवळात भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी भरून ठेवलेली मिळाली. खापरांवरून वसाहत ठरवायचीच तर तमिळ वसाहत इजिप्तमध्ये होती असं म्हणायला जास्त आधार आहे. अरिकमेडूला काही यवन दलाल हंगामापुरते, वारा फिरेपर्यंत राहत असतील. ते शक्य आहे, पण गाव त्यांचं नव्हतं. ‘गोदाम’ आणि ‘रंगाची टाकी’ यांवरही नंतर शंका घेतल्या गेल्या. ज्याला एकदा ठाणं म्हटलं, त्यात गोदाम दिसणारच.

व्हीलरांचं काय उरलं? पुष्कळ. आरेत्सोच्या बश्या इटलीच्याच आहेत, त्यांचा काळ त्यांनी सांगितला तोच आहे, आणि पहिल्या शतकात या बंदराला पश्चिमेकडच्या मालाची भरती आली होती हेही खरं आहे. माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी वेगळीच: त्यांनी खापरं अशी छापून ठेवली, की तीस-चाळीस वर्षांनी कोणीही बसल्या जागी त्यांना खोडून काढू शकलं. ज्या उत्खननात फक्त निष्कर्ष छापलेत आणि खापरं पोत्यात सडली, तिथे अशी दुसरी संधीच मिळत नाही.

टेकाड आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. आंब्याची झाडं, अठराव्या शतकातल्या मिशनच्या इमारतीची पडकी कमान, आणि नदीनं पोखरलेला काठ. तमिळमध्ये मेडू म्हणजे उंचवटा, आणि नावाची एक फोड ‘झिजतं टेकाड’ अशीच सांगितली जाते.

रुलेटेड परात्यांचा प्रवास मात्र पाँडिचेरीला थांबला नव्हता. श्रीलंकेत अनुराधापुरापासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत त्या मिळतात. आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, सेंबिरन नावाच्या गावी, इंडोनेशियाच्या आय वायन आर्डिका यांना जमिनीत खोलवर तीच बारीक, खणखणीत, ठिपक्यांच्या रांगोळीची खापरं मिळाली. तिथे त्यांना रोमन ठरवायचं कोणाच्या मनातही आलं नाही.